चौथी खुर्ची

आधी डाळ चाखून बघा. साल 1946, महिना फेब्रुवारी, आणि तुम्ही ठाण्याजवळ कोलशेतला, रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘अकबर’वर जेवायला बसला आहात. ‘अकबर’ हे जहाज नाही. पायाखाली चांगली घट्ट जमीन आहे. पण नौदलाची रीत अशी, की किनाऱ्यावरच्या बराकींनाही जहाजाचं नाव द्यायचं, जमिनीला डेक म्हणायचं आणि फाटकाबाहेर विडी आणायला निघालेल्यानेही ‘किनाऱ्यावर जाऊन येतो’ असं सांगायचं. या एका सवयीवर पायदळवाले गेली ऐंशी वर्षं विनोद करत आहेत आणि अजून त्यांचं समाधान झालेलं नाही.

तुम्हाला इथे कोणी बघू शकत नाही. मागच्या काळात शिरताना तेवढी सोय असते. जेवण मात्र चुकत नाही. डाळीत खडे आहेत, भातातही आहेत. शेजारचा पोरगा रत्नागिरीकडचा, मिसरूड नुकतं फुटलेलं. जिभेने खडा हेरून तो ताटाच्या कडेला लावतो. ‘पलटणीत मटण देतात म्हणे,’ तो म्हणतो. समोरचा उत्तर देतो, ‘माझा चुलता पलटणीत आहे. तो म्हणतो, नेव्हीत मासे देतात.’ दोघं हसतात आणि पुन्हा खडे वेचायला लागतात.

18 तारखेला कुलाब्याच्या ‘तलवार’वर नाविकांनी जेवण नाकारलं. अन्न वाईट होतंच, पण कमांडर आर्थर किंगच्या शिव्या त्याहून वाईट होत्या. संप पसरत गेला. 78 जहाजं, किनाऱ्यावरची 20 ठाणी, सुमारे 20,000 नाविक असा हिशोब पुढे मांडला गेला. कोलशेतही त्यात उतरलं. इथे जरा कान द्या, कारण पुढे जे ऐकायचं आहे त्याची उलटी बाजू या आठवड्यात दिसते. मरीन ड्राइव्ह आणि अंधेरीच्या तळांवरच्या वायुदलाच्या जवानांनी नाविकांसाठी काम बंद केलं. कॅसल बॅरॅक्सच्या पहाऱ्यावर आणलेल्या भारतीय शिपायांनी आपल्याच लोकांवर नेम धरायचं टाळलं, असं नाविकांच्या आठवणींत येतं. मग गोरी पलटण बोलावली गेली. 23 तारखेला, सरदार पटेलांच्या सांगण्यावरून, शरणागती झाली. त्या पाच-सहा दिवसांत मटण कुणाला आणि मासे कुणाला हा प्रश्न कुणी काढला नाही.

आज कोलशेतला वायुदलाचं ठाणं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. एक म्हातारा नाविक पुढे त्याचा वापर करणार आहे.

कल्याणला चला. स्टेशनातून बाहेर पडलात की युद्धकाळातली अफाट लष्करी छावणी लागते, बराकींच्या रांगाच रांगा. लढाई संपून सहा महिने झालेत आणि हजारो माणसं घरी जायच्या हुकमाची वाट बघत पडली आहेत. तीन वर्षांनी, 1949 मध्ये, हीच छावणी सिंधी निर्वासितांचं उल्हासनगर होईल, आणि ‘कॅम्प नंबर चार’ असे पत्ते लोक पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगतील. कल्याण जंक्शनला एक फाटा कसाऱ्याकडे निघतो, दुसरा कर्जतकडे. कर्जतचा घाट उतरून येणारा सातारकडचा गडी पायदळात. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरणारा नौदलात. पुढे यंत्रावर हात बसलेली, मॅट्रिक झालेली शहरी मुलं वायुदलात. नियम म्हणून हे खरं नाही, अपवाद पोत्याने सापडतील. पण मराठी माणसाच्या दलादलांतल्या थट्टेचा पाया इथे आहे, असं मला फार दिवस वाटतं. पायदळ विरुद्ध नौदल हे भांडण म्हणजे बऱ्याचदा घाटी विरुद्ध कोकणी हेच भांडण असतं, फक्त गणवेश चढवलेलं. म्हणूनच ते इतकं मुरलेलं आहे. दिल्लीने शिकवलेलं नाही.

इथवर आलात तर खाडीकडे, दुर्गाडीला, एक बुडी अजून खोल मारून घ्या. 1657 च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि याच खाडीवर स्वराज्याच्या गलबतांची बांधणी सुरू झाली. हाताशी पोर्तुगीज कारागीर होते, ते पुढे काम टाकून पळाले. लाकडाचा वास आहे, डांबराचा वास आहे. डोंगरातून उतरलेला एखादा मावळा काठावर उभा राहून, तरंगणाऱ्या त्या सांगाड्याकडे बघत काय म्हणाला असेल, ते कुठल्या बखरीत नाही. मला मात्र जवळजवळ ऐकू येतं. आणि गलबतावरच्या कोळ्याने काय परतफेड केली असेल, तेही.

आता 1965 चं युद्ध आटोपलं आहे आणि तुम्ही कुलाब्याच्या ‘अश्विनी’मध्ये, नौदलाच्या रुग्णालयात आहात. मुंबईत आजारी पडलेला फौजी कुठल्याही दलाचा असो, मोठ्या दुखण्याला त्याला इथेच यावं लागतं. पायदळातल्या माणसाला याचा त्रास होतो, दुखण्यापेक्षा जरा जास्त. वॉर्डला तो वॉर्ड म्हणतो, तर नौदलाचा परिचर त्याला भिंतीला ‘बल्कहेड’ म्हणायला शिकवू पाहतो. सातारी आजारी असला तरी सातारीच. तो म्हणतो, ‘भित्ताडाला भित्ताड म्हनू द्या, मग काय सुया टोचायच्या त्या टोचा.’

एका खाटेवर सांगली जिल्ह्यातला एक तरुण आहे. लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या, ईएमई शाखेचा जवान, मुष्टियोद्धा. सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर गेलं. मुरलीकांत पेटकर. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरायला सांगितलं गेलं. 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. नौदलाची मंडळी ही गोष्ट सांगताना शेवटी हमखास पुस्ती जोडतात, की आर्मीच्या माणसाला पोहायला लावलं ते आम्ही. आर्मीवाल्यांचं उत्तर तयार असतं: तुमच्यात एवढे पोहणारे होते, तर पदक आमच्या माणसाने का आणलं?

डिसेंबर 1971. ठाण्यात खिडक्यांना काळे कागद लागले आहेत आणि तुम्हाला एकाच वेळी तीन ठिकाणी पोचायचं आहे.

जैसलमेर, 5 तारीख, पहाट. गार वाळू. विशी न ओलांडलेला डोंबिवलीचा एक एअरमन हंटर विमानाच्या पंखाखाली रॉकेटं चढवतो आहे. तिकडे लोंगेवालाला पंजाब रेजिमेंटची एक कंपनी, सव्वाशेच्या आसपास माणसं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताखाली, पाकिस्तानी रणगाड्यांसमोर रात्रभर टिकून आहे. हंटरला अंधारात मारा करता येत नाही. उजाडतं, विमानं उडतात, आणि दुपारपर्यंत वाळवंटात रणगाडे जळत असतात. लढाई कुणी जिंकली यावर पुढची पन्नास वर्षं कागदोपत्री, मेजवान्यांत आणि कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत वाद चालला. माझं विचाराल तर रात्र एकाची आहे आणि दिवस दुसऱ्याचा. पण हा निवाडा दोघांनाही मान्य होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर, ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे, त्याच आठवड्यातली आणखी एक रात्र. पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे जंगी पलटण. फलटणजवळच्या गावचा एक शिपाई ओल्या खंदकात बसला आहे. ब्रिगेडियर हरदितसिंग क्लेर यांनी वेढ्यातल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याबद्दल पत्र धाडलं. घेऊन गेला मुक्तिवाहिनीचा एक वयस्कर माणूस, सायकलवरून. उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीला गुंडाळून: पेन चालवण्यात आपला हात चांगला दिसतो, पुढच्या भेटीत स्टेनगन हातात असावी, अशा मजकुराचं. शिपायाला इंग्रजी येत नाही, पण गोळीची भाषा समजते. दोन दिवसांत जमालपूर पडतं.

आणि मुंबई, नौदलाची गोदी. वेंगुर्ल्याचा एक पोरगा, इंजिनरूममध्ये तेलाने काळा झालेला. 4 तारखेच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, म्हणून सगळी गोदी ताठ मानेने चालते आहे. 1965 मध्ये नौदलाला पोरबंदरच्या वर जायचा हुकूम नव्हता. पाकिस्तानी जहाजं द्वारकेवर तोफा डागून परत गेली, आणि सहा वर्षं प्रत्येक फौजी लग्नात, प्रत्येक बडाखान्यात नौदलाला त्यावरून टोमणे खावे लागले. कराचीने ते फिटले. मग 9 तारखेची रात्र येते. दीवजवळ ‘खुकरी’ला पाणतीर लागतो. 18 अधिकारी आणि 176 नाविक जातात. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडत नाहीत. गेलेल्यांत वेंगुर्ल्याच्या पोराच्या बॅचचे काही जण आहेत, प्रशिक्षणात त्याच्या शेजारी झोपलेले. तुम्ही गोदीत त्याच्याजवळ उभे आहात आणि तुम्हाला कोणी बघत नाही, हे या वेळी बरंच आहे.

मधली वर्षं भराभर उलटा. पेन्शनी सुरू होतात. तिघंही डोंबिवलीत येऊन राहतात, कारण जागा परवडते आणि लोकल आहे. 1997 मध्ये लोंगेवालावरचा ‘बॉर्डर’ लागतो. सुभेदार झालेला फलटणचा शिपाई तो तीनदा बघतो. वॉरंट ऑफिसर झालेला डोंबिवलीचा एअरमन एकदाच बघतो आणि बाहेर येऊन बायकोला म्हणतो, ‘आम्ही शेवटी आलो, हे बरोबर दाखवलंय. पण का शेवटी आलो, ते कुठे आहे?’ 1 एप्रिल 2003 ला माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू होते. कार्ड निघतं, मोफत औषधं आणि न संपणारी रेफरलची चिठ्ठी येते. तिन्ही दलांना एकत्र कसं आणायचं यावर दिल्लीत किती समित्या बसल्या, 2020 पासून तर संरक्षण दल प्रमुख हे पदही आहे. पॉलिक्लिनिकच्या रांगेत ते काम कधीच झालेलं होतं. तिथे सगळ्यांची साखर मोजतात, आणि रँक कोणी विचारत नाही.

आणि आता, मंडळी, हात पुढे करा.

कारण या वेळी तुम्ही दिसता आहात. डोंबिवली पूर्वेचं एक डायलिसिस केंद्र, सकाळची पहिली पाळी, चार खुर्च्या खिडकीच्या बाजूला. तुम्ही चौथीत आहात. पाहुणे म्हणून नव्हे. डाव्या मनगटाच्या वर तुमचा फिस्टुला आहे, डायलिसिससाठी केलेला शीर-धमनीचा जोड, दीड महिन्यापूर्वीचा, बोट ठेवलं की आत थरथर लागते. कल्याण-शिळ रस्त्यावर रिक्षा पाऊण तास अडकली म्हणून तुम्ही उशिरा पोचलात. आजची ही तुमची पहिलीच वेळ, आणि पोटात गोळा आला आहे.

पहिल्या तीन खुर्च्यांत ते बसले आहेत. फलटणचा शिपाई सुभेदार होऊन निवृत्त झाला. वेंगुर्ल्याचा पोरगा चीफ पेटी ऑफिसर, सगळे ‘चीफ’ म्हणतात. डोंबिवलीचा एअरमन, वॉरंट ऑफिसर, नुसता ‘वॉरंट’. तिघं पंचाहत्तरीच्या आसपास. तिघांचीही मूत्रपिंडं मधुमेहाने आणि रक्तदाबाने खाल्ली. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. पंपाचा वेग मिनिटाला पावशेर रक्ताचा. तेच पाच लिटर पुन्हा पुन्हा फिरून चार तासांत साठ लिटरवर हिशोब जातो.

‘आणि त्याच्यासाठी पाणी लागतं सव्वाशे लिटर,’ चीफ तुम्हाला सांगतो. ओळख वगैरे काही नाही, थेट सांगायलाच लागतो. ‘यंत्राच्या मागे आरओचा प्लांट आसा. सव्वाशे लिटर माझ्या रक्ताभोवती फिरवतत. आणि माका प्यायला दिवसाला किती? एक लिटर.’

‘जन्मभर पाण्यावर काढली की,’ सुभेदार डोळे मिटून म्हणतो. ‘सरकारनं कोटा संपवला तुमचा.’

‘तू गप रे गणपता.’

मराठा पलटणीच्या माणसाला साऱ्या सैन्यात ‘गणपत’ म्हणतात. दुसऱ्या कुणी म्हटलं तर सुभेदार ऐकून घेणार नाही. चीफला मात्र ते माफ आहे. चीफने ती माफी कशी मिळवली, ते थोड्या वेळाने कळेल.

सिस्टर वजन घेते. इथे सगळा खेळ वजनाचा. दोन पाळ्यांच्या मध्ये अंगात साठलेलं पाणी म्हणजे वाढलेलं वजन. ते काढून ज्या आकड्यावर आणायचं तो ‘ड्राय वेट’. वॉरंटने आयुष्यभर विमानांची वजनं लिहिली आहेत, त्यामुळे या शब्दावर त्याचा ताबा आहे. सुभेदार साडेतीन किलो वाढून आला, की वॉरंट जाहीर करतो, ‘ओव्हरलोड. हे उडणार नाही. माल उतरवा.’ चीफ वाढून आला, की म्हणतो, ‘जहाज खाली बसलंय, तळ लागेल.’ आणि स्वतः वॉरंट वाढून येतो तेव्हा सुभेदाराला बोलावंच लागत नाही. तो नुसता छताकडे बघतो आणि जेट उडाल्याचा आवाज काढतो.

तुम्हाला वाटतं, ही माणसं आजाराला हसत आहेत. तसं नाही, जरा ऐका. घरी कोणी त्यांना हसत नाही. घरी सून विचारते, बरं वाटतंय का, मुलगा अमेरिकेतून व्हिडिओवर विचारतो, बरं वाटतंय का. इमारतीतले लोक लिफ्टमध्ये आवाज खाली आणून बोलतात. एकट्या या हॉलमध्ये कोणी तरी त्यांना आठवण करून देतं, की तू अजूनही चिडवण्याइतका शाबूत आहेस. सुभेदाराने मला एकदा हे वेगळ्या भाषेत सांगितलं होतं: ‘मेलेल्या मान्साची कोन मस्करी करतं?’

खाण्यावरून तर रोजच. पोटॅशियम वाढतं म्हणून नारळपाणी बंद, केळं बंद. वेंगुर्ल्याच्या माणसाला नारळपाणी बंद म्हणजे काय, विचार करा. चीफ यावर बोलतो तेव्हा विनोद करत नाही. सुभेदाराला मीठ बंद. बिनमिठाचा ठेचा खाऊन बघितल्याचं तो सांगतो आणि चेहरा करून दाखवतो. वॉरंटची बायको भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजत घालते, ते पाणी ओतून देते, मग पुन्हा शिजवते, आहारतज्ज्ञाने सांगितलंय तसं, मिनिट धरून. ‘एअर फोर्स आहे ती,’ चीफ म्हणतो, ‘भाजीचीही चेकलिस्ट.’

‘आमची मेस तुमच्यापेक्षा चांगली होती, हे आता तरी मान्य करा.’

‘मेस? तुमका हॉटेल होतां हॉटेल. आणि आमचां कोलशेतसुद्धा घेतलात.’ चीफ तुमच्याकडे वळतो. ‘ठाण्याचे ना तुम्ही? कोलशेत आधी नेव्हीचां. ‘अकबर’. माझे काका होते थंय, शेहेचाळीसच्या संपात. आता बगा कोण बसलाहा.’

‘डाळीत खडे होते,’ तुम्ही बोलून जाता.

तिघं तुमच्याकडे बघतात. ‘तुम्हाला कसं माहीत?’ वॉरंट विचारतो. कुठे तरी वाचलं, म्हणून तुम्ही वेळ मारून नेता.

सॅल्यूटचा विषय निघतोच. पायदळाचा तळवा समोर, नौदलाचा खाली. डेकवर डांबराने हात काळे व्हायचे, म्हणून दाखवायचे नाहीत, असं जुने लोक सांगतात. वायुदलाचाही आधी पायदळासारखाच होता, 2006 मध्ये त्यांनी तो 45 अंशांत आणला. वॉरंट तोवर निवृत्त झालेला. ‘म्हणजे आता माझा सॅल्यूट आउट ऑफ डेट,’ तो म्हणतो. ‘नवीन घेऊ की जुनाच वापरू, अजून कुणी कळवलं नाही.’ त्यावर सुभेदार तो घासून गुळगुळीत झालेला विनोद काढतो: पायदळात अधिकारी म्हणतो माझ्यामागे या, आणि सगळे लढायला जातात. नौदलात सगळे एकत्र जातात, कारण पळायला जागाच नसते. वायुदलात मात्र जवान अधिकाऱ्याला कडक सॅल्यूट ठोकतात, विमानात बसवतात, म्हणतात, ‘साहेब, तुम्ही लढून या,’ आणि चहाला जातात. वॉरंटने हा विनोद किती वेळा ऐकला असेल? तरी तो पूर्ण ऐकतो. मग सांगतो, ‘चहाला जातो म्हणूनच विमान परत येतं. उपाशी माणसाने आवळलेल्या नटवर उडून दाखवा.’ आणि लगेच लोंगेवाला येतं. ‘रातभर आमी थांबलो,’ सुभेदार, जणू तो स्वतः तिथे होता. ‘तुमी उजाडल्यावर आला.’ ‘हंटरला रात्री दिसत नव्हतं.’ ‘आमालाबी दिसत नव्हतं की!’

जमालपूरची गोष्ट सुभेदार सांगतो तेव्हा तुम्ही ती पाहिलेली आहे. गोळीला गुंडाळलेल्या उत्तरापाशी तो थांबतो, परिणामासाठी. चीफ बरोबर तिथेच घुसतो: ‘म्हणजे तुमची एवढी ब्रिगेड, आणि पत्र पोचवायला सिव्हिलियन लागला?’

‘सिव्हिलियन’ ही शिवी तिघांनाही मान्य आहे. तेवढ्यापुरती तिन्ही दलं एक होतात.

मध्येच एका यंत्राचा अलार्म वाजतो. चीफचं. नवा तंत्रज्ञ आहे, बावीस-तेवीसचा, कामात चांगला, आणि या तिघांच्या थट्टेत त्यालाही शिरायचं आहे. बटण दाबत तो म्हणतो, ‘काय चीफ, बुडालं वाटतं जहाज?’

चीफ काही बोलत नाही. नळीकडे बघतो. आणि दोन खुर्च्या पलीकडून सुभेदार, ज्याने तासभर नौदलाची सालटी काढली आहेत, तो डोळे उघडतो. ‘बाळा,’ तो म्हणतो, आवाज चढवत नाही, ‘त्यावर न्हाई बोलायचं.’ पोरगा गोंधळतो. वॉरंट त्याला जवळ बोलावून हळू आवाजात चार वाक्यं सांगतो. तुम्हाला त्यातलं ‘नऊ डिसेंबर’ एवढं ऐकू येतं.

नियम कुठे लिहिलेले नाहीत. 65 ची द्वारका चालते, खुकरी चालत नाही. लोंगेवाला चालतं, 62 चं चीन युद्ध चालत नाही, कारण सुभेदाराचा थोरला भाऊ तिकडून परत आला तो अर्धाच आला. 62 मध्ये लढाऊ विमानं वापरलीच गेली नाहीत, त्यावरून वायुदलाला बोलायला कितीतरी जागा आहे. सुभेदार ती कधी वापरत नाही, कारण मग 62 काढावं लागेल. ज्याला दुसऱ्याची एवढी दुखरी जागा ठाऊक असते, त्यालाच ‘गणपत’ म्हणायची मुभा मिळते. गेल्या वर्षी 9 डिसेंबरला डायलिसिसचा वार आला. सुभेदार चार तास फक्त वायुदलावर बोलला. वॉरंटने सगळं एकट्याने झेललं आणि शेवटी म्हणाला, ‘आज माझ्यावर दोन दलांचा भार होता.’

आणि तिसरा विषय म्हणजे तुमची खुर्ची.

तिच्यात आधी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले एक जण बसायचे. तिघांच्या हिशोबी तेही सिव्हिलियन, पण घरातले. ‘तुमच्या काडतुसांचं पितळ आम्ही ओतलं,’ म्हणायचे. ‘ते आलं नसतं तर काय, शिट्ट्या मारल्या असत्या?’ यावर तिघांचं ठरलेलं उत्तर होतं, की तुमच्याकडे शिट्टीसुद्धा फॉर्म भरून मागवावी लागते. तीन प्रतींत. ते आता कुठे आहेत, असं तुम्ही विचारता, तेव्हा वॉरंट टीव्हीकडे बघत सांगतो, ‘पोस्टिंग आली त्यांची.’

‘दूर?’ तुम्ही विचारता, आणि विचारताच तुम्हाला समजतं.

‘एकटंच जायचं असतं,’ चीफ म्हणतो. ‘फॅमिली क्वार्टर मिळत नाही.’

सिस्टर तुमच्याजवळ येते. ट्रेमध्ये दोन सुया, आणि त्या तुम्हाला वाटल्या होत्या त्यापेक्षा जाड आहेत. ती पट्टा बांधते, बोटाने फिस्टुला चाचपते. तुम्ही दुसरीकडे बघायचं ठरवता आणि दुसरीकडे ते तिघं आहेत.

‘आता खरं सांगा,’ सुभेदार म्हणतो. ‘कुठल्या दलात?’

‘कुठल्याच नाही. बँकेत होतो.’

तिघं एकदम उसासा सोडतात. तोही तालात.

‘न्हाई, पन खुर्ची हाय म्हंजे कुठंतरी भरती करावीच लागंल,’ सुभेदार म्हणतो. ‘पायदळात नको. जिना चढून आले तर धाप लागली, मी बघितलं.’

‘माझ्याकडे पाठवू नका,’ चीफ. ‘वजन ऐकलांस? चार किलो पाणी घेऊन इलो हा. जहाज बुडवतलो.’

तो शब्द त्याने स्वतः काढला, म्हणून चालतो. सुभेदार त्याच्याकडे एकदा बघून घेतो.

‘वायुदलात चार किलोला परवानगी नाही,’ वॉरंट म्हणतो. ‘आधी काय प्यायलात ते लॉगबुकमध्ये लिहा. चहा किती?’

‘चार कप,’ तुम्ही कबूल करता.

‘चार! साहेब, आम्ही तिघं मिळून चार पितो.’

‘झालं,’ सिस्टर म्हणते. तुम्ही खाली बघता. दोन्ही सुया आत आहेत, नळीतून लाल रेघ यंत्राकडे निघाली आहे, आणि तुम्हाला कळलंही नाही.

‘दुखलं का हो?’ ती विचारते.

‘त्येंना काय विचारता सिस्टर,’ सुभेदार म्हणतो. ‘सिव्हिलियन हायती. फॉर्म भरून कळवतील.’

‘तीन प्रतींत,’ वॉरंट म्हणतो.